मागच्या फाटकाचं कुलूप

सूनबाई,

मागच्या फाटकाला मी आज कुलूप लावलंय. कोणी वीस वर्षं विनाअडथळा दुसऱ्याच्या आवारातून एकाच वाटेने जात राहिलं, की ती वाट कायद्याने त्याची होते म्हणे. शेजारच्या मावशींची पुढच्या महिन्यात वीस भरतात. मग हे घर कोण विकत घेणार? म्हणून वकील म्हणाले, एक दिवस तरी वाट बंद ठेवा.

अकराला त्या काठी टेकत दवाखान्यात निघतील. फाटक उघडू नकोस. कडी अडकलीय म्हण आणि स्कूटरवरून मोठ्या रस्त्याने सोडून ये. लहानपणी तुझा नवरा तापाने फणफणला, तेव्हा ह्याच वाटेने त्या त्याला उचलून धावल्या होत्या. तो विषय मात्र काढू नकोस. त्यांना तोंड दाखवायची माझी हिंमत नाही, म्हणून दिवसभर बहिणीकडे जातोय. भाजी चिरून ठेवलीय.

— बाबा

ता.क. आपलं कुलूप सापडेना, म्हणून काल मावशींकडूनच मागून आणलं. दुसरी किल्ली त्यांच्याकडेच असणार, हे आत्ता चपला घालताना ध्यानात आलं. त्यांनी उघडलं, तर तू काही पाहिलं नाहीस.