पेद्रूने मला मागे उभं केलं

रेवदंडा, नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस, १९३५

रा. रा. तुळशीराम भावोजींच्या सेवेसी,

शिवदासचा नमस्कार. दर्याच्या कृपेने आम्ही बरे आहोत. केसरताईचा गुडघा कसा आहे? (तिला म्हणावं, चाळीच्या जिन्यापेक्षा इथे होडीत चढणं सोपं होतं.) तुमचा खोकला गेला असेलच, नसला तर विडी सोडा, असं सांगणारा मी कोण!

पत्रास कारण, गावात माझी शोभा झाली आहे आणि ती एका स्पॅनिश माणसाने केली. हा पेद्रू आगबोटीवरचा कारागीर. तापाने फणफणला म्हणून बोटीने त्याला मुंबईला उतरवलं आणि तो हवापालटाला खाडीपलीकडच्या कोर्लईला आला. (तिथल्या किरिस्तावांची पोर्तुगीज वळणाची बोली त्याला निम्मीशिम्मी समजते, बाकीचं हातवाऱ्यांवर भागतं.) आपल्या मुलखात तो फुटबॉल खेळायचा, तोही खालच्या दर्जाच्या संघांत, आणि जागा फुलबॅकची, म्हणजे आपल्या गोलापुढे उभं राहून येईल त्याला अडवायचं. पाय दुखावल्यावर तो दुसऱ्यांना शिकवू लागला. संघ मोडला तेव्हा बोटीवर चढला. उभ्या आयुष्यात एकही गोल केला नाही, हे तो हसत सांगतो!

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, आम्ही रिकामे. गेल्या साली अलिबागच्या कचेरीवाल्यांनी फुटबॉलात आम्हाला धुतलं होतं, म्हणून यंदा पेद्रूला गुरू केला. त्याने आमचं दुखणं लगेच ओळखलं. मी तांडेल, होडीचा म्होरक्या, म्हणून सगळ्यांत पुढे. आणि होडीवरच्या सवयीने माझी माणसं चेंडू सोडून माझ्यामागे धावायची. आमचा गोल उघडा! पेद्रूने मला उचलून फुलबॅक केलं. मी भडकलो. म्हटलं, "मी तांडेल हाय, मांगं ऱ्हानार न्हाय!" तो काहीतरी शांतपणे बोलला. कोर्लईच्या आंतोनने सांगितलं, "तो इचारतो, होरीवर सुकानू कुटं असतं?"

सुकाणू मागेच असतं, भावोजी. मी मागे जाऊन उभा राहिलो.

परवा सामना झाला. सवयीप्रमाणे बाकीचे दहाही जण माझ्याभोवती गोलापुढे गोळा! पेद्रू कपाळाला हात लावून बसला. मी अडवून अडवून थकलो. शेवटी आमच्या खलाशाला, मोरूला, शिव्या घालून पुढे हाकललं. तिथे जाऊनही तो तांडेल काय म्हणतो म्हणून वळून माझ्याकडेच बघत राहिला, आणि अलिबागकराने मारलेला चेंडू त्याच्या पाठीवर आपटून त्यांच्याच गोलात गेला. जिंकलो. हार मोरूच्या गळ्यात, मिरवणूक मोरूची. घरी सगुणा विचारते, "तुमी काय केलंव?"

मी रुसून होडीला टेकून बसलो. पेद्रू आला, शेजारी बसला, दुखरा पाय चोळत राहिला. हा माणूस जन्मभर असाच मागे उभा राहिला असेल, हे मला तेव्हा कळलं. फार वाईट वाटलं. तरीही त्याने माझा मान घालवला तो घालवलाच. परक्यांना गुरू करू नये.

तुमचा,
शिवदास

ता. क. : पुढच्या साली आमच्या लोकांना मीच शिकवणार आहे. फुलबॅकही मीच.

ता. क. दुसरा : खरं काम हे. पेद्रूची बोट शुक्रवारी तुम्ही काम करता त्याच मुंबईच्या गोदीतून सुटते. आमच्या होड्या दर्यात निघाल्या, मला येता येत नाही. तुम्ही जा. मोठा हार घेऊन जा. हार कुणासाठी आणला म्हणून तो मागे वळून बघेल. तिथे कोणी नसेल. तुम्ही त्याच्याच गळ्यात घाला.