झग्याच्या आतल्या काठावरची नावे

रीबे, ६ मे १९६८

थोरवाल्डा,

तुझे पाकीट पोचले. आत संग्रहालयाचे दोन क्रोनरचे तिकीट आणि ‘ताई, बघून ये, चकित होशील’ अशी चिठ्ठी. गेले. झाले चकित!

काचेच्या पेटीत आईने शिवलेला बाप्तिस्म्याचा झगा, खाली पाटी ‘अज्ञात कुटुंब’. आपले नाव नको, असे तूच लिहून दिलेस म्हणे. तुझ्या धाकट्याच्या बाप्तिस्म्याला नेलेला झगा परत आणायचा होतास, दान करायचा नव्हता!

मी काचेला हात लावताच तिथली बाई म्हणाली, “लांबूनच बघा हं, आजी.”

“अहो, तीस वर्षं मीच इस्त्री केलीय याला!”

“मग आता सुटलात की!” म्हणून हसली.

आतल्या काठावर आईने घरातल्या प्रत्येक मुलाचे नाव लाल दोऱ्याने भरले आहे. चौथे माझ्या लेकीचे, आग्नेटेचे. अकराच दिवस जगली. तिच्या थडग्याच्या जागेची भाड्याची मुदत गेल्या वर्षी संपली. मी पुढचे पैसे भरले नाहीत. झग्यावर नाव आहे, उगाच खर्च कशाला, म्हटले. चर्चवाल्यांनी तिच्या नावाचा दगड उचलून नेला. हे मी कुणालाही सांगितलेले नाही. आता लिहून बसले आहे, तर पत्र पेटीत टाकायला हात धजेल की नाही, देव जाणे.

दोन जूनला नातीचा बाप्तिस्मा आहे. तिचेही नाव आग्नेटे ठेवतोय. काठावर अजून जागा आहे, लाल दोराही आहे. झगा कधी आणतोस, ते उलट टपाली कळव.

तुझी बहीण,
किर्स्टिने