चिमूटभर भंडारा

पुंडलिकनगर, औरंगाबाद
७ जानेवारी २०१९

ती. सोनाजीदादास,
धाकट्या शालूचा सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलं की तू अर्धं ऐकतोस अन् व्हय-व्हय म्हणून ठेवून देतोस, म्हणून लिहून धाडते. सांडूच्या टेम्पोनं पिशव्या अन् स्टिकरचे कागद येतील. वहिनीलाही हे वाचून दाखव.

आपल्या चाळीस घोंगड्या भिवंडीच्या गोदामात घ्यायला तयार झालेत. तिथून ऑनलाइन विकतील, पण माल त्यांच्या नियमानं गेला तरच. एका पिशवीत एकच घोंगडी, तोंड पक्कं चिकटवलेलं. स्टिकर सपाट जागी लावायचं, घडीवर नाय, नाहीतर मशीनला वाचता येत नाय. काळ्या घोंगडीचं स्टिकर काळीलाच, जावळाच्या मऊ घोंगडीचं तिलाच. टाचणी नको, डांबरगोळी नको, रद्दी पेपर नको. खोक्याला सुतळी नाय, टेप. खोकी सांडू थेट गोदामात पोचवील, माझ्याकडं उतरवायची नाहीत.

पहिलाच माल नापास झाला तर पुन्हा उभं करत नाहीत म्हणे. पास झाला तर तुझ्या कडब्याची सोय झाली. दादा, मेंढरं विकायचं होळीपर्यंत तरी डोक्यातून काढ. माझी चांदी कशी आहे?

वहिनीला नमस्कार. राग आला तरी माया कमी करू नकोस.
तुझी शालू

पिशोर
१४ जानेवारी २०१९

चि. शालूस,
दादा-वहिनीचे अनेक आशीर्वाद.

अगं बाई, दोन दिवस घराचा दवाखाना झालता! तुझ्या वहिनीनं मला हात धुतल्याबिगर घोंगडीला शिवू दिलं नाय. एक स्टिकर माझ्याकडून तिरकं बसलं तर दुपारपर्यंत बोलेना. मला तर वाटतंय तू घोंगड्यांचं आधार कार्डच काढलंस.

चाळीसच्या चाळीस मी बोट फिरवून तपासल्या. टाचणी नाय, डांबरगोळी नाय. पिशवी चिकटवण्याआधी वहिनीनं रीतीप्रमाणं एकेकीवर चिमूटभर भंडारा टाकला. खंडोबाची हळद लागल्याबिगर आपली घोंगडी उंबरा ओलांडत नाय, तुला काय सांगायचं. आज सकाळी सांडू खोकी घेऊन गेला. लई हलकं वाटलं बघ.

विहिरीत गाळ राहिलाय. बत्तीस मेंढरं उरलीत, त्यांना बाभळीचा पाला ओरबाडून घालतो. व्यापारी पुंजाराम दोनदा येऊन गेला. होळीनंतर बघू म्हणून वाटेला लावला. तू बाटलीनं दूध पाजलेली चांदी आता मलाच ढुसण्या देती, तुझ्याच वळणावर गेली.

तब्येतीला जप. आठवण आहे तशी राहू दे.
तुझा दादा, सोनाजी

पुंडलिकनगर, औरंगाबाद
११ फेब्रुवारी २०१९

ती. दादास,
शालूचा सा. न. वि. वि.

हे फोनवर सांगायची हिंमत झाली नाय. माल परत यायलाय. अख्खा.

त्यांनी एक पिशवी पाहिली, आत पिवळी भुकटी दिसली, मग चाळीसही उघडल्या. ‘भुकटी सांडलेला खराब माल’ असा शेरा मारला. मी पाचदा फोन केला. सांगितलं, ती घाण नाय, देवाची हळद आहे. पलीकडची पोरगी गोड बोलली, पण म्हणाली, ताई, मी काय करू, नियमात बसत नाय.

तुझं पत्र मिळालं तेव्हा सांडू जाऊन दोन दिवस झाले होते. भंडाऱ्याची ओळ मी वाचली दादा, अन् मला काहीच खटकलं नाय. उलट बरं वाटलं, वहिनीनं रीत मोडली नाय म्हणून. टाचणी लिहिली, डांबरगोळी लिहिली, अन् ज्या हळदीत वाढले ती लिहायची सुचली नाय. वहिनीला एक शब्द बोलशील तर माझी शपथ. चूक माझी आहे.

पुन्हा अर्ज टाकलाय. मला स्वतःला आशा नाय, खोटं कशाला सांगू? चितेगावच्या एका कंपनीत वॉचमनची जागा आहे, तुझ्यासाठी शब्द टाकलाय. पुंजारामला अजून थोडं थोपव.

इथं नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, तरी समोर नवी बिल्डिंग चढतीच आहे. मला माफ कर अन् आपली म्हणत राहा.
शालू

पिशोर
३ मार्च २०१९

चि. शालूस,
अनेक आशीर्वाद.

घोंगड्या पोचल्या. वहिनीनं चार दिवस उन्हात झटकल्या, पण हळद लोकरीत बसली ती बसलीच. मी तिला काय बोललो नाय. तिचं तिलाच कळलं, अन् दोन दिवस तोंडात घास घेतला नाय. तू रडत बसू नको. तुझ्या जागी मी असतो तर मलाबी सुचलं नसतं.

होळीपर्यंत दम धर म्हणालीस. मी धरला, मेंढरांनी धरला नाय. तीन बसल्या जागी गेली. टँकर माणसांपुरताच येतोय. काल पुंजारामला बोलावलं अन् उरलेली एकोणतीस देऊन टाकली. चांदीबी गेली. ती ठेवून तरी काय पाजलं असतं? चितेगावला कधी यायचं ते कळव.

एक सांगतो, हसू नको. टेम्पोत चढवताना मी एकेकीच्या पाठीवर मूठभर भंडारा टाकला. चांदीवर तर ओंजळभर. पुंजारामला वाटलं, रीत करतोय. माझ्या मनात येगळंच होतं. म्हटलं, पिवळी बघून तिकडं कुणीतरी नापास करील, माल परत धाडील.

मेंढरांच्या वाड्याचं फाटक अजून लावलं नाय.

येत जा, लिहीत जा.
तुझा दादा, सोनाजी