हातावरचा फ

लालबाग,
८ जानेवारी २०२५

ती. स्व. सुभद्राआत्यास,
सा. न. वि. वि.

हे पत्र डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षर बघून माझ्या बालवाडीतल्या कुणा पोराने लिहिलं असं समजू नकोस. उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. तुला कळवायला बाबांनी फोन केला होता, पण तू फोन कानाला लावून 'जेवण झालं, जेवण झालं' एवढंच सांगत राहिलीस म्हणे. त्यांनी आणलेलं कानाचं यंत्र अजून खोक्यातच आहे ना?

हात कसा मोडला हे सांगायची लाज वाटते. शिकवताना मोडला. हाडांच्या डॉक्टरांनी हे ऐकून पेन खाली ठेवलं आणि पुन्हा विचारलं.

तुला माहीत आहे, मी मुलांना आधी अक्षर दाखवत नाही, आधी आवाज देते, आणि प्रत्येक आवाजाला एक हातवारा. फ म्हणायचा, तळवा तोंडासमोर धरायचा, फुंकर लागली की दोन्ही हात पसरून फुगा फुगवायचा. त्या दिवशी मी फुगा जरा जास्तच फुगवला, मागे सरकले आणि ठोकळ्यांच्या टोपलीवर आपटले. मी कळवळत होते आणि वर्ग टाळ्या वाजवत होता. शेजारच्या वर्गातल्या बाई धावत आल्या. काय झालं म्हणून त्यांनी मुलांना विचारलं, तर सगळ्यांनी फ म्हटलं, फुगा फुगवला आणि धाडकन मागे पडून दाखवलं. माझं शिकवणं मुलांनी इतकं मन लावून घेतलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

रजा घेतलेली नाही. एका हाताने शिकवते आहे. लोभ आहेच, त्यात थोडं हसू मिसळलंस तरी चालेल.

तुझी,
अपेक्षा


गिरगाव,
१३ जानेवारी

चि. अपेक्षा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अगो बाय, पत्र वाचून आधी जीव घाबरा झाला, आणि टोपलीपर्यंत आले तेव्हा इतकी हसले की शेजारच्या गंगुबाई बघायला आल्या. त्या काहीतरी विचारत होत्या. मी मान हलवली. काय कबूल केलं ते कळेलच.

तू एकटी नाहीस. मी बालवाडीत शिकवायचे तेव्हा गाणं सुरू करण्याआधी पदर कमरेला खोचायची मला सवय होती. स्नेहसंमेलनात माझा वर्ग स्टेजवर उभा राहिला आणि मुलग्यांसकट सगळ्यांनी नसलेले पदर खोचले, मग गायला लागले. तुझा बाप जयवंत प्रेक्षकांत होता, विचार त्याला. मूल आपण शिकवतो ते शिकतं या भ्रमात राहू नकोस. ते आपल्याकडे बघत असतं.

यंत्र एकदा लावलं होतं. कुकरची शिट्टी थेट डोक्यात गेली आणि गंगुबाई दिवसभर काय बोलतात ते समजायला लागलं. दोन्ही नको झालं, काढून ठेवलं. मला पत्रं बरी. पत्राला 'जरा मोठ्याने बोल' म्हणावं लागत नाही.

आमच्या वेळी फ फणसाचा होता, त्याच्यापुढे कुणी तळवा धरत नसे. तुझी पद्धत मला अजून नीटशी पटलेली नाही, पण तू पटतेस. प्लास्टर भिजवू नकोस. वर्गाला आशीर्वाद दे, पडून न दाखवता.

सुभद्राआत्या


लालबाग,
६ फेब्रुवारी

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझे पदर परवडले. माझा सगळा वर्ग आता माझ्यासारखा उजवा हात दुमडून पोटाशी धरतो, नसलेला चष्मा नाकावर ढकलतो आणि मगच आवाज काढतो. नवीन शिकवलेला प्रत्येक आवाज असाच. नूपुर नावाची मुलगी घरी आईची ओढणी हाताच्या झोळीसारखी गळ्यात बांधल्याशिवाय स सुद्धा म्हणत नाही. ध्रुवच्या आजीने तर नातवाचा हात आखडला म्हणून त्याला भायखळ्याला डॉक्टरकडे नेलं. तिथे त्याने डॉक्टरांना ट म्हणून दाखवला.

मी हसत हसत लिहिते आहे, पण गोष्ट हसण्यावारी राहिलेली नाही. आमच्या संस्थेचे अध्यक्ष शरच्चंद्र सर शिवाजी पार्कला राहतात, शिस्तीचे आहेत. ते वर्ग बघून गेले आणि पाया असा कच्चा राहिला तर मुलं पुढे वाचणार कशी, असं म्हणाले. हितेंद्र नावाचा एका कंपनीचा तरुण मोठा पडदा घेऊन येणार आहे. त्यातून आवाज येतात, सगळ्या मुलांना सारखे आणि स्वच्छ. पडद्याला चष्मा नाही आणि तो टोपलीवर पडत नाही. २२ तारखेला सभागृहात दोन्ही बघून समिती ठरवणार, जूनपासून हा वर्ग माझ्याकडे ठेवायचा की पडद्याकडे.

आत्या, मला भीती वाटते. मला दुसरं काही येत नाही, आणि हेही येत नाही असं आता दिसायला लागलं आहे. तू येशील का? समोर आपलं कुणीतरी हवं.

तुझी,
अपेक्षा


गिरगाव,
१० फेब्रुवारी

चि. अपेक्षा हिस,
आशीर्वाद.

मी येऊन काय करू? गंगुबाईंच्या स्वप्नीलच्या साखरपुड्यात एक गृहस्थ त्यांचे काका गेल्याचं सांगत होते आणि मी हसून अभिनंदन म्हणाले. तेव्हापासून कार्यक्रम सोडले. तिथे चुकीच्या जागी टाळ्या वाजवीन आणि तुझा वर्ग माझ्यामुळे जाईल.

मुलांना दटावू नकोस. ती तुला वेडावत नाहीत, तुझ्यासारखं व्हायला बघतात.

जयवंतने टॅक्सी आणली तर विचार करीन. बसवाल तर मागे बसवा.

सुभद्राआत्या


लालबाग,
२४ फेब्रुवारी

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू तिथेच होतीस, तरी लिहिते आहे, कारण निम्मं तुझ्या पाठीमागे घडलं आणि उरलेलं तुला ऐकू आलं नाही.

प्लास्टर आदल्या आठवड्यात निघालं होतं. मुलांना म्हटलं, आता हात मोकळा सोडा. हात असा धरला नाही तर आवाज नीट येत नाही, असं ध्रुवने मला समजावलं. टॅक्सीला उशीर झाला म्हणून तुम्हाला पुढचीच रांग मिळाली, ते एक बरं झालं.

आधी पडदा लागला. त्याचा फ सभागृहात स्वच्छ घुमला. त्याला उत्तर म्हणून माझ्या मुलांनी हात पोटाशी घेतला, चष्मा ढकलला, फुगा फुगवला आणि ती धाडकन मागे पडली. समिती हसली. सर हसले नाहीत. मुलं आवाज शिकली आहेत की फ्रॅक्चर, असं त्यांनी मला विचारलं.

मग माझी पाळी. मुलं एकेक आवाज काढायला लागली आणि त्यांच्याबरोबरच तू तो मोठ्याने म्हणायला लागलीस. सरांना वाटलं तू मुलांना सांगते आहेस. त्यांनी मागच्या रांगेतून उठून तुला गप्प राहायला सांगितलं. तू वळून त्यांना नमस्कार केलास. त्यांनी पुन्हा सांगितलं, तू पुन्हा नमस्कार केलास. शेवटी मीच म्हणाले की माझ्या आत्याला ऐकू येत नाही. तेव्हा कुठे ते खाली बसले, आणि ऐकू येत नाही तर प्रत्येक आवाज बरोबर कसा ओळखतात, असं त्यांनी विचारलं. नूपुरने सांगितलं की आजी आमचे हात आणि तोंड वाचते आहे. मग ती स्टेजवरून खाली उतरली, तिने तुझा तळवा धरून आपल्या तोंडासमोर नेला, आणि बाकीची मुलं तिच्यामागे रांग लावून उभी राहिली. ते तुला माहीत आहे.

माहीत नाही ते हे. तुझ्यामागे हितेंद्रने आपला तळवा तोंडासमोर धरून हळूच फ म्हणून पाहिला. मग सरांनी पाहिला. मग समितीची सगळी रांग हातावर फुंकर घालत बसली होती.

वर्ग माझ्याकडेच राहिला, आत्या. पडदा घेणार आहेत, पण मोठ्या मुलांसाठी. जूनपर्यंत मुलांचे हात सरळ करायचे, अशी अट आहे. ती मी मान्य केली, पण सही करताना माझाच उजवा हात पोटाशी होता, म्हणून डाव्या हाताने केली. घरी येऊन खूप रडले. तुझा लोभ किती मोठ्या आवाजाचा असतो ते सगळ्या लालबागने ऐकलं. तो असाच राहू दे.

तुझी,
अपेक्षा


गिरगाव,
२८ फेब्रुवारी

चि. अपेक्षा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

त्या सरांना मी इतके नमस्कार केले, मला वाटलं ते स्वागत करत आहेत. माझ्यातर्फे क्षमा माग.

मी टाळ्यांची धास्ती घेऊन बसले होते. मग त्या मुलीने हात धरला. फुंकर लागली, गरम, थोडी बिस्किटाच्या वासाची. ध्रुवने माझी बोटं आपल्या गळ्यावर ठेवली आणि म म्हणत राहिला, थांबेचना. मी उभा जन्म मुलांना आवाज दिले ग, मला कुणी हातावर आणून दिले नव्हते. तुझी पद्धत पटली, असं आता लिहून देते. परत येताना टॅक्सीत डोळे पुसत होते, टॅक्सीवाल्याने काहीतरी विचारलं. मी 'जेवण झालं' म्हणाले.

काल यंत्र लावलं. पहिला आवाज माझाच आला. मी इतकी ओरडून बोलते हे मला इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही, की सांगितलं आणि मला ऐकू आलं नाही? गंगुबाई बिचाऱ्या माझ्यापुढे कुजबुजतात.

शनिवारी वर्ग सुटायच्या आधी फोन कर. तू काही बोलू नकोस, नुसता फोन नूपुरच्या तोंडासमोर धर आणि तिला फ म्हणायला सांग. हातावर मिळाला, तो आता कानाने ऐकायचा आहे. मी यंत्र लावून फोनजवळ बसते, उजवा हात पोटाशी घेऊन.

तुझी,
सुभद्राआत्या