टेकडीवरल्या चोरांची गिनती

७ मार्च २००३
गरुडानं पुन्हा करडू उचललं. दोन दिसाचं होतं. टेकडी माझ्या बकऱ्यांची, ह्यांच्या बापाची न्हाई.
हिंगोलीचे नाना मास्तर गळ्यात दुर्बीण घालून तांड्यावर आले. म्हणे पारुबाई, गरुड उत्तरेला चाललेत, मोजता का, सरकारला कळवायचंय. लगेच व्हय म्हनलं. मागल्या साली कुत्रे मोजले, मंग गाडी आली, कुत्रे घेऊन गेली. सरकार उगंच मोजत न्हाई. आकडा मोठा दिला की गाडी बी मोठी येईल.

८ मार्च
शेजारच्या सोजराबाईला हे सांगितलं. दात काढून म्हणे, अगं, मानसं बी मोजतेत, त्यांला कुठं नेऊन राहिले? तिच्यासंगं बोलनं बंद.

१२ मार्च
दर पाखराला एक खडा ओटीत. फिरून आलं तर अजून एक. चोर दोनदा आला तर चोऱ्या दोनच. नाना म्हणे घारी, ससाणे येगळे धरा. काहून? येगळं रेशनकार्ड हाय का त्यांचं? चोच वाकडी, तो चोर.

१६ मार्च, दुपार
वावटळ, मंग गारा. गरुड भिजून खडकावर बसले, उडता येईना. काठी उचलली. एक माझ्याकडं बघून राहिला, लाज न्हाई मेल्याला. पन मेला तर गिनतीत कमी पडंल. काठी ठेवली. टाळक्यावर गारा खात मोजले.

२ एप्रिल
ताप उतरला. आकडा ऐकून नानाचे डोळे भरले. म्हणे आता सरकारला कायतरी करावंच लागंल. मी म्हनलं, गाडी मोठी पाठवा. हसले. हसन्यासारखं काय होतं?
आमचे मालक म्हणे जरा थांब, गाडी तर येऊ दे. मी कशाला थांबू? माहेराहून अजून दोन गाभण बकऱ्या आनल्या. टेकडी आपलीच हाय आता.

२४ एप्रिल
गाडी आली. बारकी जीप. जाळं न्हाई, पिंजरा न्हाई. लोखंडी पाटी उतरवली अन् टेकडीच्या वाटंवर रोवली. गरुडांचं राखीव ठिकाण, बकऱ्या चारायला बंदी.
नानानं सगळ्या तांड्यासमोर माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला. म्हणे हे सगळं पारुबाईच्या गिनतीनं झालं. सोजराबाईनं सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या.
बकऱ्या खुंट्याला बांधल्या, बोंबलून राहिल्या. हार काढून पुढं टाकला. दोरा तेवढा ठेवला त्यांनी.