तुझ्या जागी दगड

प्रिय किनुए,

"अहो, माझ्या उशाशी कुढत बसू नका," म्हणत तू दवाखान्यातून हाकललंस, म्हणून आपल्या तळ्यावर आलो. इथे सगळी दुकानं बंद आहेत. मफलर बांधलाय, काळजी नको. पेज सगळी संपवतेस ना?

बोटवाला म्हणाला, "आजी नाहीत? एकटे बसलात तर हंसाची बोट कलंडेल की!" मग त्याने लोणच्याच्या पिंपावरचा दगड आणून तुझ्या सीटवर ठेवला. "हा निदान भांडणार नाही!"

मी हसलो. तळ्याच्या मधोमध मात्र सवयीने दगडावरच खेकसलो, "अगं, तूही पेडल मार ना!"

काठावर त्याने दगड उचलला, तशी बोट माझ्या बाजूला झुकली. मला उठताच येईना.

संध्याकाळी येतोच, पण तोंडाने हे सांगायला जमणार नाही. हे कार्ड तुझ्या ऑपरेशननंतर पोचेल. ते तूच वाचायचंस.

तुझाच खेकसणारा,
तामोत्सु