पायपेटीतली मुकी पट्टी

दातिवरे, १७ नोव्हेंबर २०२५

चि. दर्पण यास वत्सलाआत्याचे आशीर्वाद.

काल, रविवारी १६ नोव्हेंबरला, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी शेजारच्या रिद्धीने तुझं गाणं मला फोनवर ऐकवलं. खाली लिहिलंय, ‘पायपेटी: कै. रामू तांडेल’. वाजवणारा माझा भाऊ नाही. सुकट निवडत बसलेली साखरबाई म्हणाली की रामूदादाचाच हात हाय, मेल्यावर उलट सुधारलाय. मला हसू आलं नाही.

रामूच्या पेटीतली मधल्या सप्तकातली ‘पांढरी चार’ ही पट्टी अठरा वर्षं मुकी होती. तो तिला वळसा घालून वाजवायचा. तुझ्या गाण्यात ती बावीस वेळा वाजते, मी मोजलं. कॉन्व्हेंटात सिस्टरांनी मला ऑर्गन शिकवला होता. मी निवृत्त झाले, कान झालेले नाहीत. मेलेल्याच्या तोंडी शब्द घालत नाहीत, तसे हाती सूरही घालू नयेत. तुझ्या आईला, मेघालीला, हे पटलं का?

रागावले आहे, तरी जेवण वेळेवर घेत जा.

वत्सलाआत्या


बोईसर, २१ नोव्हेंबर

ती. आत्यास दर्पणचा सा. नमस्कार.

तुझं पत्र आईने दोनदा वाचलं. म्हणाली, तुझ्या आत्याला रिकामपण मानवत नाय.

बाबांच्या पेटीचा आवाज कॉम्प्युटरवर उभा करायला चार महिने लागले. जुन्या कॅसेटवरून आधी कळेच ना, ही पायपेटी की नंतरचा विजेचा ऑर्गन. मग दोन सुरांच्या मध्ये भात्याचा श्वास ऐकू आला. माळ्यावरची पेटी उतरवली, एकेक पट्टी दाबून आवाज टिपला, भात्याच्या पायट्यांची करकरसुद्धा ठेवली. त्यावर बाबांच्या चाली मी वाजवल्या. आवाज त्यांच्या पेटीचा, म्हणून नाव त्यांचं.

पांढरी चार खाऱ्या हवेने खाल्ली, असं तूच सांगायचीस. आत्या, तिची सूर देणारी पितळी पत्ती शाबूत आहे. खाली एसटीच्या तिकिटाची घडी कोणीतरी दडपून बसवली होती. ती काढताच सूर लख्ख लागला. बाबांची पेटी कोणी बिघडवली देव जाणे. मी दुरुस्त केली. गाणं सध्या ओळखीच्यांनाच पाठवलंय; दहा डिसेंबरला वर्षश्राद्ध आहे, त्या दिवशी सर्वांसाठी खुलं करतोय.

रागातून थोडा लोभ माझ्यासाठी बाजूला काढ.

तुझा,
दर्पण


दातिवरे, २५ नोव्हेंबर

चि. दर्पण यास आशीर्वाद.

ती घडी मी घातली.

तारापूरच्या कारखान्यात रामू बारा वर्षं एका मोठ्या पंख्याशेजारी उभा राहिला. त्या पंख्याची शिट्टी त्याच्या कानात बसली. पेटीवर पांढरी चार वाजली की ती उठायची आणि रात्रीपर्यंत थांबायची नाही. कारखान्यात कळलं असतं तर कान तपासून त्याला घरी बसवलं असतं. तू तेव्हा सातवीत होतास. मेघालीलाही त्याने सांगितलं नाही. एका दुपारी माझ्याकडे आला आणि म्हणाला की ताई, एवढा सूर बंद कर, बाकीच्यांवर मी भागवतो. मी पेटी उघडली, पर्समधलं तिकीट घडी करून सारलं आणि आळ खाऱ्या हवेवर घेतला. सिस्टरांनी शिकवलेल्या विद्येचा मी केलेला तो सर्वांत वाईट उपयोग. पण त्यानंतर रामू पुन्हा वाजवू लागला.

तुझी कारागिरी खोटी नाही. ऐकताना माझे पाय आपोआप पायपुसण्यावर भाता मारत होते. पण जो सूर लागला की रामू भिंतीला डोकं टेकून बसायचा, तो त्याच्या श्राद्धाला, त्याच्याच नावाने वाजवू नकोस. एक तर ती पट्टी गप्प कर, नाहीतर त्याचं नाव काढून तुझं घाल. मेघालीला मी समोर बसून सांगणार आहे. अठरा वर्षं ते चुकवलं.

लोभ आहेच, त्याचं उत्तर मागत नाही. गाण्याचं मागते. शनिवार, ६ डिसेंबर, संध्याकाळी पाचच्या आत ते लेखी माझ्या हातात पडावं. फोन करू नकोस. फोनवर मी रडले, तर तू काय ठरवलंस ते मला ऐकू येणार नाही.

वत्सलाआत्या